चढ मोजायचा कशानं?

रेवसहून रेड्डीकडे सागरी मार्गानं सायकल घेऊन निघालेला माणूस समुद्रकाठावरून निघतो आणि काही दिवसांनी समुद्रकाठावरच पोचतो. निघतानाची उंची आणि पोचतानाची उंची यांत फरक जवळजवळ शून्य. तरीही या रस्त्यानं जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तो आधी चढांबद्दल बोलेल आणि मग माशांबद्दल. खाडीच्या काठावरून उठायचं, कातळाच्या सड्यावर चढायचं, पलीकडच्या गावात उतरायचं, की पुढची खाडी हजर. महाबळेश्वरला जाताना एक मोठा घाट लागतो आणि संपतो. इथं छोटे घाट दिवसभर संपत नाहीत.

उंचीचे हिशेब दोन तऱ्हांचे असतात. एक निव्वळ: शेवटच्या उंचीतून सुरुवातीची उंची वजा केली की झालं. दुसरा एकूण: वाटेत जेवढं वर गेलात तेवढ्याची बेरीज, आणि उतरलात ते त्यातून वजा करायचं नाही. घड्याळावर किंवा ॲपवर ‘एलेव्हेशन गेन’ म्हणून जो आकडा दिसतो तो हा दुसरा. बारी गावातून कळसूबाईला, म्हणजे १६४६ मीटरवर, गेलात तर दोन्ही हिशेब जवळपास सारखे येतात, आठशेच्या आसपास. कारण वाट जवळजवळ सलग वरच जाते. पण राजगडावरून तोरण्याला धारेनं गेलात, की दोन हिशेबांची फारकत सुरू होते.

या आकड्याची एवढी पत्रास ठेवायची कारणं व्यवहारातली आहेत. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला, तो आजही चालतो: दर तीन मैलांना एक तास, आणि त्यावर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. ट्रेल रनिंगवाल्यांचा हिशेब याच वळणाचा आहे. त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘इट्रा’ शर्यतीची अवघडता काढताना अंतराच्या किलोमीटरांत दर शंभर मीटर चढाला एक किलोमीटर मिळवते. म्हणजे चढाचा आकडा चुकला तर पाणी किती घ्यायचं, अंधारापूर्वी पोचणार की नाही, अमुक शर्यत तमुक शर्यतीच्या तोडीची आहे का, ही सगळी गणितं चुकतात.

आता पुणेकरांच्या आवडत्या वाटेवर येऊ. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची, टेकड्यांच्या माथ्यांवरून जाणारी ही वाट बहुतेक जण रात्री चालतात. सोळाएक किलोमीटर अंतर आणि तेरा टेकड्या असं म्हणण्याची पद्धत आहे. पण टेकड्या नक्की किती यावरही गडावर पोचल्यावर पिठलं-भाकरी खाताना वाद होतो, कारण कुठलं टेपाड मोजायचं आणि कुठलं सोडायचं हे कुणी ठरवून दिलेलं नाही. चढाच्या आकड्याचं तेच. समजा, तिघे बरोबर चालले. एकाचं घड्याळ हजार मीटर दाखवेल, दुसऱ्याचं बाराशे, तिसऱ्याचा फोन पंधराशे. नेस्मिथच्या नियमानं पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात पाऊण तासाहून जास्त अंतर पडतं. तिघांनी वाट एकच तुडवली, मग खरं कोणाचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आधी एक खोड लक्षात घ्यावी लागते. चढाची बेरीज एकतर्फी असते. बहुतेक मोजमापांत चुका दोन्ही बाजूंनी होतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. चढात तसं होत नाही. फोन घेऊन टपरीवर चहा पीत बसला आहात असं धरा. जागचे हललेला नाहीत, पण उपग्रहांवरून काढलेली उंची स्थिर राहत नाही: ७१२, मग ७१४, मग ७११, मग ७१५. प्रत्यक्षात चढ शून्य. यंत्र मात्र दोन मीटर वर आणि नंतर चार मीटर वर असे सहा मीटर जमा करतं. मधले तीन मीटर खाली गेलेले उताराच्या खात्यात जातात. चढाच्या खात्यातून काही वजा होत नाही. हे दर काही सेकंदांनी होत राहिलं, तर चहा संपेपर्यंत बसल्या जागी एखादी टेकडी चढून होते.

म्हणून कुठलंही ॲप कच्चे आकडे तसेच बेरजेला घेत नाही. आधी उंचीची रेष गुळगुळीत करतं, आणि मग एक उंबरठा लावतं. किराणा दुकानदार एक-दोन रुपयांची उधारी वहीत लिहीत बसत नाही, तसं. हा उंबरठा किती ठेवायचा हे बनवणारा ठरवतो. स्ट्राव्हा या ॲपचा नियम असा, की घड्याळात हवेचा दाब मोजणारा वायुभारमापक असेल तर सलग दोन मीटरांहून अधिकचा चढ जमा होतो. नसेल तर सलग दहा मीटरांहून अधिक असावा लागतो. आता कात्रजच्या वाटेवरची लहान टेपाडं आठवा. पाच-सात मीटर वर, तेवढंच खाली, पुन्हा वर. पहिल्या हिशेबात ती सगळी धरली जातात, दुसऱ्यात एकही नाही. तेव्हा हजार म्हणणारं यंत्र आणि बाराशे म्हणणारं यंत्र, दोन्ही आपापल्या उंबरठ्याशी प्रामाणिक असू शकतात.

हाच पेच किनाऱ्याच्या लांबीत आहे. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं. अलीकडे तो नव्यानं मोजला आणि ११,०९८ किलोमीटर भरला. समुद्रानं जमीन दिली नाही की नेली नाही; आधीचं मोजमाप फार ठोकळ नकाशावरचं होतं, नवं बारीक नकाशावरचं, त्यामुळे आधी सरळ रेषेनं ओलांडलेल्या खाड्यांची वळणं आता धरली गेली. गणितज्ञ बेन्वा मँडलब्रॉटनं १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच प्रश्न विचारला होता. डोंगरवाटेचा एकूण चढही त्याच जातीचा आहे. तोही पट्टीवर अवलंबून असतो. प्रत्येक दगडावर उचललेलं पाऊल मोजायला गेलात तर आकड्याला अंत नाही.

तेव्हा खऱ्या आकड्याचा शोध मी सोडून देतो. पट्टी कुठली, ती कुठं दगा देते आणि आपल्या कामाला कुठली चालेल, एवढंच ठरवता येतं, आणि तेवढं पुरतं.

सगळ्यांच्या खिशात असलेली पट्टी जीपीएसची. ती जागा चांगली सांगते, उंची वाईट सांगते, आणि त्याचं कारण भूमितीत आहे. उपग्रह आपल्या उत्तरेला, दक्षिणेला, पूर्वेला, पश्चिमेला असतात, त्यामुळे आडव्या दिशेतल्या चुका एकमेकींना बऱ्याच सावरतात. उभ्या दिशेत मात्र सगळे उपग्रह डोक्याच्या बाजूलाच. पायाखाली पृथ्वी आड येते. म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट असणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यात सांधण दरीसारख्या घळीत शिरलात किंवा बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडाला निघालात, की आभाळाची एक चिंचोळी पट्टी उरते आणि कातळावर आपटून आलेले संदेशही यंत्र खरे धरून बसतं.

जीपीएसच्या उंचीबद्दल एक गमतीची तक्रार मुंबईत नेहमी ऐकू येते: गिरगाव चौपाटीवर उभा आहे आणि ॲप उणे साठ मीटर दाखवतंय. ॲप बिघडलेलं नसतं. उपग्रह जी उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका आखीव, गणिती लंबगोलापासूनची. आपली समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणानं ठरते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ही सपाटी लंबगोलाच्या शंभरहून अधिक मीटर खाली खचलेली आहे, जगात सगळ्यात खोल तिथंच, आणि त्या खोलगटाची कड आपल्यापर्यंत येते. मुंबई-पुण्याकडे फरक साठ मीटरांहून जास्त पडतो. चांगलं ॲप ही दुरुस्ती आपोआप करतं, साधं करत नाही. मात्र चढ मोजताना या साठ मीटरांची फिकीर करायचं कारण नाही. निघताना साठनं कमी आणि पोचतानाही साठनं कमी असेल तर फरकाला धक्का लागत नाही. जीपीएसचा दोष चढाला बाधतो तो थरथरण्याचा.

दुसरी पट्टी हवेच्या दाबाची, आणि माझा कल उघडपणे तिच्याकडे आहे. ती जुनीही आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्लोरँ पेरिए हा माणूस आपल्या मेव्हण्याच्या, ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्युई द दोम या १,४६५ मीटर उंचीच्या डोंगरावर चढला. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा सुमारे तीन इंच खाली उतरलेला होता. वर गेलं की डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. पण मला त्या प्रयोगातली दुसरी नळी जास्त आवडते. पेरिएनं तशीच एक नळी पायथ्याच्या मठात ठेवली होती आणि एका साधूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवलं होतं. दाब हवामानामुळे बदलला की उंचीमुळे, हे वेगळं काढण्यासाठी.

आज मनगटावरच्या घड्याळात तांदळाच्या दाण्याएवढा वायुभारमापक असतो. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलनं उतरतो, आणि हा चिमुकला भाग त्याच्या दशांशापेक्षाही बारीक फरक ओळखतो. जिन्याचा एक मजला त्याला कळतो. जीपीएससारखा तो थरथरत नाही, म्हणून उंबरठा दोन मीटरांवर आणता येतो. फोनमध्येही तो मिळतो. आयफोनमध्ये २०१४च्या आयफोन ६ पासून आला, अँड्रॉइडच्या महागड्या फोनांत बहुधा असतो, स्वस्त फोनांत बहुधा नसतो. असला तरी ॲप त्याचा उपयोग करतंच असं नाही, हे विकत घेण्याआधी तपासावं.

त्याच्याकडे फक्त पेरिएचा साधू नाही. दाब बदलला एवढंच घड्याळाला कळतं, का बदलला ते कळत नाही. आपल्याकडे जानेवारी आणि जुलै यांच्यात मुंबईचा सरासरी दाब दहाएक हेक्टोपास्कलनं बदलतो, म्हणजे घरात टेबलावर ठेवलेलं घड्याळ उन्हाळा-पावसाळ्यात ऐंशीएक मीटर वर चढतं. ते सावकाश होतं म्हणून एका ट्रेकला बाधत नाही. दिवसाच्या आतली भरती-ओहोटी मात्र बाधते. उष्ण कटिबंधातल्या हवेला रोजचा ठोका आहे: सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, रात्री पुन्हा तसंच. दहा ते चार या वेळात तो तीन-चार हेक्टोपास्कलनं उतरतो. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी सकाळी दहाला पोचून दुपारी चारपर्यंत गुहेच्या सावलीत आडवे झालात, तर घड्याळ तीसएक मीटर चढ लिहून ठेवतं. युरोपात बसून घड्याळांची परीक्षणं लिहिणारे लोक या दोषाचा उल्लेख करत नाहीत, कारण त्यांच्या अक्षांशांवर हा ठोका फार क्षीण असतो. उपाय सोपा आहे: लांब मुक्काम असेल तेव्हा नोंद थांबवून ठेवायची.

दुसरी अडचण उष्म्याची, आणि ती क्वचितच कुणाला माहीत असते. दाबावरून उंची काढताना घड्याळ एक आदर्श वातावरण धरून चालतं: समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस, आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड. सह्याद्रीत असं वातावरण कधी सापडायचं? गरम हवा फुगलेली असते, तिच्यात तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं. ढोबळ नियम असा, की हवा आदर्शापेक्षा दर दहा अंशांनी गरम असेल तर प्रत्यक्ष उंची दाखवल्यापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी जास्त असते. मे महिन्यात भर उन्हात कळसूबाई चढलात तर हवा आदर्शाहून वीस-बावीस अंशांनी तापलेली. आठशे मीटर चढूनही घड्याळ साडेसातशेच्याही खाली राहू शकतं. तोच डोंगर डिसेंबरच्या पहाटे जवळजवळ पूर्ण भरतो. बहुतेक मनगटी घड्याळं ही दुरुस्ती करत नाहीत, आणि करणार तरी कशी, त्यांना हवेचं तापमान कुठं कळतं? मनगटाचं कळतं.

मग वारा. कोकणकड्यावर ताशी पन्नास किलोमीटरचा झोत घड्याळावर आदळला तर दाबात जास्तीत जास्त एक हेक्टोपास्कलचा फरक पडू शकतो, म्हणजे नऊ मीटरांची वरखाली. म्हणून जॅकेटची बाही घड्याळावर ओढून घेणं बरं. मात्र बाही भिजून घड्याळाला चिकटली तर उलटा त्रास, कारण दाब आत जायची भोकं सुईच्या टोकाएवढी असतात. पाऊस, घाम, चिखल, सनस्क्रीन यांनी ती बुजली की घड्याळ बराच वेळ एकाच उंचीवर अडून बसतं आणि मग एकदम उडी मारतं. पावसाळी ट्रेकहून आल्यावर घड्याळ साध्या कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून हलवावं. टाचणी घालू नये.

एक सेटिंग मात्र मुद्दाम पाहून घ्यावं. पुष्कळ घड्याळं चालू नोंदीतच जीपीएसचा आधार घेऊन आपली उंची आपोआप दुरुस्त करतात. ती दुरुस्ती तीस मीटरांची असली तर तीस मीटर चढ म्हणून बेरजेत जाण्याचा धोका असतो. दुरुस्ती निघण्याआधी करावी आणि मग बंद ठेवावी. त्यासाठी आपल्याकडे फुकट आणि भरवशाची सोय आहे: रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. कळसूबाई-रतनगडाला जाणारा मुंबईकर इगतपुरीला उतरला, तर तिथं ती सुमारे सहाशे मीटर. लोणावळ्याला सव्वासहाशेच्या घरात. सागरी मार्गाच्या सायकलस्वारांना तेही नको. आगरदांडा ते दिघी किंवा दाभोळ ते धोपावे अशा फेरीबोटीत बसलात की घड्याळ शून्याला लावून घ्यायचं.

तिसरी पट्टी वर आकाशातून आलेली. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ हे अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि साठ मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला लावलेल्या रडारनं बहुतेक वस्तीच्या जगाची उंची टिपून आलं. त्यातून जगाचा चौकटीचौकटींचा उठाव-नकाशा झाला. ‘इस्रो’च्या कार्टोसॅटनंही नंतर भारताचा असा नकाशा केला. आज तुम्ही वायुभारमापक नसलेल्या फोनवर नोंद केलीत, की ॲप बहुधा तुमची उंची टाकून देतं आणि तुमची वाट अशाच एखाद्या नकाशावर ठेवून तिथली उंची वाचतं. घरबसल्या मार्ग आखताना जो चढ दिसतो तोही यातलाच. यात थरथर नाही, हवामान नाही, भोकं बुजत नाहीत. रुंद घाटरस्त्यावर ही पट्टी झकास चालते. दोन सायकलस्वार वेगवेगळ्या दिवशी गेले तरी एकच आकडा मिळतो, हा मोठा गुण.

पण तिला कडा दिसत नाही. जुन्या नकाशाची एक चौकट तीस मीटरांची, आणि प्रत्येक चौकटीला एकच उंची. कोकणकडा शेकडो मीटर सरळ तुटलेला, वर माथ्याशी आत वळलेला. तो एका उंचीत बसवायचा कसा? तुम्ही कड्याच्या काठानं माथ्यावरून शांतपणे चालत असता. जीपीएस तुमची जागा पंधरा मीटर पश्चिमेला सरकवतं, आणि नकाशा सांगतो की तुम्ही आता कड्याच्या पोटात आहात. पुढच्या क्षणी जागा बरोबर येते, तुम्ही पुन्हा माथ्यावर. कागदावर तुम्ही कोकणाच्या दिशेला कोसळून तेवढंच परत चढलात. असं काठाकाठानं पाच-सहा वेळा झालं की एकूण चढात शेकडो मीटरांची भर पडते, आणि ही रक्कम कुठलाही उंबरठा गाळू शकत नाही, कारण ती छोटी नसतेच. वायुभारमापकाचं घड्याळ असूनही घरी येऊन ‘उंची दुरुस्त करा’ हे बटण दाबणारे लोक अलंग-मदन-कुलंगच्या नोंदींचं याच प्रकारे वाटोळं करतात. घाटमाथ्याच्या धारेवर त्या बटणाला हात लावू नये. खाडीपुलांवरही नकाशा कधीकधी पुलाऐवजी पाण्याची उंची देतो, आणि दाट जंगलात जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांच्या जवळची. बोगद्यात तर तो तुम्हाला थेट डोंगरावरूनच नेतो.

कागदी नकाशाबद्दल दोन शब्द. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारांस एक प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषा दर वीस मीटरांना असतात. वाटेनं किती रेषा चढत्या क्रमानं ओलांडल्या ते मोजा आणि विसानं गुणा. वीस मीटरांखालची बरीच टेपाडं यात गळतात, त्यामुळे आकडा बहुधा थोडा कमी येतो. पण आधी ठरवायला, सोंडेनं जावं की नाळेनं, खिंडीत किती उतरून पुन्हा किती चढायचं, याला यासारखं दुसरं साधन नाही, आणि बॅटरी लागत नाही.

आता निवड. आठवड्यातून दोनदा आतकरवाडीतून सिंहगड पळत चढणाऱ्याला यंत्राच्या बेरजेची गरजच नाही. गडाची उंची एकदा पक्की करावी, साडेपाचशे-सहाशे मीटरांच्या दरम्यान काय येईल ते, आणि पुढं फक्त फेऱ्या मोजाव्यात. एकाच चढावर सराव करणाऱ्या कुणालाही फेऱ्या गुणिले उंची हा हिशेब कुठल्याही घड्याळापेक्षा खात्रीचा आहे, मग तो गड असो, घाटाचं एक वळण असो की सोसायटीचा जिना. अट एकच: ती एक उंची बरोबर पाहिजे. २०२० च्या जूनमध्ये याचा मोठा दाखला मिळाला. ‘एव्हरेस्टिंग’ नावाचा एक प्रकार आहे, त्यात एकाच चढावर सायकलनं वरखाली करत ८,८४८ मीटर पूर्ण करायचे. लॅखलन मॉर्टन या व्यावसायिक सायकलपटूनं अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका चढावर ४२ फेऱ्या मारून विक्रमी वेळ दिली, आणि मग तपासणीत निघालं की त्या चढाची धरलेली उंचीच जास्त होती. बेरीज एव्हरेस्टपर्यंत पोचलीच नव्हती. त्यानं त्याच महिन्यात पुन्हा सगळं केलं, ७ तास २९ मिनिटं ५७ सेकंदांत. एका फेरीतली थोडी चूक बेचाळीसनं गुणली गेली होती.

घाटरस्त्यांवरच्या सायकलस्वारानं नकाशावरून काढलेला आकडा धरावा. पुणे ते गोवा ‘डेक्कन क्लिफहँगर’सारख्या लांब शर्यतीच्या तयारीत आठवड्यांची तुलना करायला सातत्य महत्त्वाचं. धारेवर, कड्याकाठी, नाळेत फिरणाऱ्या ट्रेकरनं आणि ट्रेल रनरनं वायुभारमापकाचं घड्याळ घ्यावं, आणि आखणी कागदावर करावी. नुसता फोन असेल तर फोनची नोंद वाटेपुरती ठेवावी आणि चढ नकाशावरून घ्यावा. एका हंगामात पट्टी बदलू नये. नवं घड्याळ घेतलं आणि त्याच महिन्यात चढ वीस टक्क्यांनी वाढला, तर पायांचं अभिनंदन करायची घाई करू नये.

घड्याळ खरं बोलतंय का हे तपासायला दुकानात जावं लागत नाही. जिथून निघालात तिथंच परत या, म्हणजे एकूण चढ आणि एकूण उतार सारखे यायलाच हवेत. सकाळी निघून दुपारी परतलात तर रोजच्या दाबाच्या ठोक्यामुळे वीस-तीस मीटरांचा फरक ठीक आहे. त्याहून बराच जास्त आला तर आभाळ बदललं होतं की भोकं बुजली होती ते पाहावं. जुलैत बहुधा भोकंच.